बक्षीस आधी सांगायचं की नंतर द्यायचं?

१९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. स्केचपेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली, तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, "चित्र काढलंस की सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल." काहींना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता दिलं, उरलेल्यांना काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी वर्गात नुसते पेन ठेवले. पहिल्या गटातली मुलं त्यांच्याकडे इतरांच्या निम्माच वेळ फिरकली. त्यांनी बक्षिसासाठी काढलेली चित्रंही इतरांपेक्षा डावी होती! ज्यांना बक्षीस अवचित मिळालं, त्यांची गोडी मात्र टिकून राहिली.

म्हणजे खोट बक्षिसात नाही, "असं केलंस तर तसं देईन" या सौद्यात आहे. आवडीचं काम मग मजुरीचं होऊन बसतं.

कंटाळवाण्या कामाचं वेगळं. १७चा पाढा कोणालाच आपणहून आवडत नाही. तिथे छोटं आमिष चालतं. पण पाढ्याचे दोन तुकडे करा, १७ पंचे ८५ पर्यंत आज, पुढचा उद्या. पहिले चार दिवस रोज काहीतरी द्या, मग दोन-तीन दिवसांआड, मग कधीतरी. एकदम बंद केलंत तर पाढाही बंद पडतो, आणि मुलाला फसवल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

आत्मसन्मानाबद्दलही आपली गल्लत होते. "तू ग्रेट आहेस" असं घोकवून गुण वाढत नाहीत. २००३ साली मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासलं, तेव्हा आत्मसन्मान हे चांगल्या कामगिरीचं कारण कमी आणि फळच जास्त दिसलं. म्हणून आधी जमेल एवढं काम द्यावं, आणि ते जमल्यावर नेमकं काय जमलं ते सांगावं: "हातचा विसरत होतास, तो तूच शोधलास." "हुशार आहेस" म्हणू नका. १९९८च्या म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात हुशारीचं कौतुक झालेली पाचवीची मुलं अवघड कोड्यांत अडल्यावर नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. हुशारीचा शिक्का बसला की प्रत्येक चूक तो शिक्का पुसायला येते, मग मूल अवघड गणिताला हातच लावत नाही.

घरात कोणी एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत असेल, तर रोजच्या चित्रामागे चॉकलेट लावू नका. ग्रेड कोणतीही येवो, परीक्षेनंतर एखाद्या रविवारी चांगले ब्रश आणून द्या, आधी काही न बोलता.