हातातलं बीपी, छातीतलं बीपी

पर्वतीच्या 103 पायऱ्या मी शाळेत असल्यापासून एका दमात चढायचे. चाळिशीत निम्म्यावर बसावं लागायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी वजनाकडे बोट दाखवलं. मग रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, दमा म्हणून पंप झाला. वर्ष गेलं. शेवटी एका डॉक्टरांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला आणि हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली. मांडीतल्या शिरेतून नळी घालून फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजला. सरासरी 20 च्या वर गेला की जास्त धरतात, माझा 48 निघाला. पल्मोनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांतलं वाढलेलं बीपी.

त्यावरच्या टाडालाफिल आणि अँब्रिसेंटान या गोळ्या चालू झाल्या, बरं वाटलं, मग सुधारणा तिथेच अडकली. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या एका चाचणीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, भाग घ्याल का असं विचारलं. चालू गोळ्या तशाच ठेवून वर एक जुनी गोळी द्यायची: स्पायरोनोलॅक्टोन. बीपी आणि अंगावरची सूज यांसाठी गेली साठेक वर्षं वापरात असलेली. ती अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाला अडवते. ते संप्रेरक अंगात मीठपाणी धरून ठेवतं, शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड करण्यातही त्याचा हात असावा असा संशय आहे. फुप्फुसातल्या वाहिन्यांना या गोळीने फरक पडतो का, ते बघायचं होतं.

घरी सासूबाईंनी नेमका प्रश्न विचारला. "अगं, तुझं बीपी 100 वर 64. त्यात आणखी बीपीची गोळी कशाला?"

हाच प्रश्न मी डॉक्टरांना केला. ते म्हणाले, दंडाला पट्टा बांधून कळतं ते अंगभरच्या रक्ताचं बीपी. फुप्फुसाचा फेरा वेगळा, त्याचा दाब या पट्ट्याला कळतच नाही. पण गोळी तर दोन्हीकडे पोचणार, म्हणून प्रत्येक भेटीत बसून आणि उभं राहून बीपी घ्यायचं. सासूबाईंची शंका रास्तच होती म्हणायची.

संमतीपत्र मराठीत होतं, म्हणजे म्हणे. 'यादृच्छिकीकरण' या शब्दापाशी मी थांबले. चाचणीचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर ताई हसल्या. "भिशीची चिठ्ठी काढतो ना, तसं. कुणाला खरी गोळी, कुणाला नुसती दिसायला तशी. तुम्हालाही माहीत नाही, आम्हालाही नाही." कधीही बाहेर पडता येईल आणि आधीचे उपचार थांबणार नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं. मगच सही.

पुढचे सहा महिने म्हणजे मुख्यतः एक कॉरिडॉर. तीस मीटर, दोन टोकांना नारिंगी शंकू. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, पळायचं नाही. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दर मिनिटाला ताई ठरलेलं वाक्य त्याच ठरलेल्या आवाजात म्हणायच्या, "छान चाललंय, अजून चार मिनिटं." एरवी बडबड्या बाई, पण तिथे एक शब्द जास्त नाही. जास्त हुरूप दिला तर पेशंट जास्त चालतो आणि आकडा बिघडतो, म्हणून. पहिल्या दिवशी 342 मीटर.

खरा जाच पोटॅशियमचा. ही गोळी ते वाढवते, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे सारखं रक्त तपासायचं, शहाळं बंद, केळी मोजून, कमी सोडियमचं मीठ घरातून बाहेर. एप्रिलच्या उन्हात स्वारगेटला रिक्षातून शहाळ्यांचे ढीग बघत जायचे. एकदा पोटॅशियम 5.3 आलं, तेव्हा गोळी आठवडाभर थांबवली. त्या दिवसापासून आमचे हे ठाम आहेत की मला खरीच गोळी मिळाली. मला तेवढी खात्री नाही. त्या आठवड्यात नणंदेकडे केळ्यांचं शिकरण झालं होतं.

शेवटच्या भेटीत 371 मीटर भरले. गोळीने की सवयीने, ताईंनाही सांगता येईना. सगळ्यांचं संपल्याशिवाय चिठ्ठ्या उघडत नाहीत. माझी अजून बंदच आहे.