दुपारची सही

पंचगंगेत मेलेल्या माशांचे चार फोटो आणि खाली एक ओळ: 'मंत्री येणार म्हणून काठ धुऊ नका, आहे तसा दाखवा.' माझ्या अशिलाची पोस्ट एवढीच होती. शिवी नाही, धमकी नाही, कुणाला जमायचं आवाहन नाही. आदल्या संध्याकाळी त्याला पोलिसांची कलम १६८ ची नोटीस आली, गुन्हा करू नकोस अशी आगाऊ ताकीद, म्हणजे जुनी १४९. दौऱ्याच्या दिवशी सकाळी त्याला घरातून उचललं. मी पोहोचलो तेव्हा तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बाकावर बसला होता. पायात घरातल्याच स्लिपर.

चॅप्टर केस म्हणजे काय, हे अंगावर आल्याशिवाय कुणाला कळत नाही. गुन्हा घडलेलाच नसतो. हा माणूस शांतता बिघडवेल असं पोलिसांना वाटतं, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १२६ खाली दंडाधिकारी त्याच्याकडून वर्षभरापर्यंतचा मुचलका, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, मागतात. पण त्याआधी कलम १३० प्रमाणे लेखी आदेश लागतो. काय माहिती मिळाली, रक्कम किती, मुदत किती, जामीनदार किती, सगळं त्यात यावं लागतं. माणसाच्या हातात बचावाला तेवढं एकच हत्यार असतं, म्हणून मी आधी तो कागद मागितला.

झेरॉक्सची झेरॉक्स. नाव, वय, गाव पेनाने भरलेलं. कारण मात्र छापील: 'आगामी निवडणूक शांततेत पार पडावी म्हणून'. तेव्हा कुठलीच निवडणूक नव्हती. नदी नाही, मासे नाहीत, पोस्ट नाही. ज्या लिखाणासाठी त्याला उचललं, त्याचा कागदावर एक शब्दही नव्हता. मग मी उत्तर तरी कशाला देणार? राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणं मोजून दिलेली आहेत. मंत्र्यांच्या दौऱ्याची अडचण त्यात कुठेच नाही.

मी मधू लिमये खटला वाचून दाखवला. १९७० चा, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचा निकाल. मिळालेल्या माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम, म्हणजे चौकशी संपेपर्यंतचा, मुचलका मागता येत नाही. दंडाधिकारी साहेबांनी शांतपणे ऐकलं. "मुद्दा बरोबर आहे तुमचा. चौकशी लावतो. पण तोवर मुचलका द्या, नाहीतर आत पाठवावं लागेल." निकालाने जे करू नका म्हटलंय, नेमकं तेच. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी हा निकाल त्या टेबलापर्यंत पोहोचलेला नाही.

अशील माझ्या कानाशी आला. "साहेब, सांजच्याला म्हशीची धार कोण काढणार? करू का सही?"

मी म्हणालो, कर.

तेच डोक्यातून जात नाही. तो नाही म्हणाला असता तर रात्र कळंब्याच्या जेलमध्ये गेली असती आणि दुसऱ्या दिवशी आदेश उडाला असता, याची मला खात्री आहे. पण रात्र त्याची जाणार होती, माझी नाही. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. त्यासाठी आम्ही वकिलांनी किती वर्षं कोट घालून रस्त्यावर काढली! आणि असली प्रकरणं तिथवर जातच नाहीत. सही झाली की माणूस घरी जातो आणि पुन्हा कोर्टाचं नाव काढत नाही.

फाटकापाशी त्याने विचारलं, "म्हंजे आता वरीसभर नदीबद्दल काय लिवायचं न्हाई?" मी म्हटलं, लिही, मुचलका शांतता राखण्याचा आहे, लिहिण्यावर बंदी नाही. तो मान हलवत होता आणि अंगठ्याने पोस्ट काढून टाकत होता.

रिट याचिकेचा मसुदा मी त्याच रात्री तयार केला. दोनदा फोन केला. येतो म्हणतो.