नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून आईला व्हीलचेअरने नेताना: माझा अनुभव

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला नागपूरहून विमानाने नेताना एक गोष्ट पक्की कळली: तिकिटावर व्हीलचेअर कोणत्या प्रकारची नोंदवली आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

असे प्रकार तीन आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, सीटपर्यंत चालताही येतं, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीट गाठता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावंच लागतं. ‘आई घरात तर फिरते’ म्हणून बहुतेक जण पहिला प्रकार घेतात. घरात फिरणं वेगळं, विमानाची शिडी वेगळी. एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा बंद पूल, मिळाला तर चूक झाकली जाते. विमान लांब उभं असलं की बसने जाऊन शिडीच चढावी लागते, आणि पहिल्या प्रकाराच्या प्रवाशासाठी कोणी अँब्युलिफ्ट (व्हीलचेअरसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी) आणून ठेवत नाही. चढताना एरोब्रिज मिळाला म्हणून उतरताना मिळेलच असं नाही. एटीआरसारख्या छोट्या विमानात तर पायऱ्या असणारच असं धरून चला. आम्ही आता दुसरा प्रकार, डब्ल्यूसीएचएसच, घेतो.

मागणी किमान 48 तास आधी नोंदवा आणि तिकिटावर ती दिसते का ते बघा. दिसत नसेल तर कंपनीला फोन करून घालून घ्या. सीट पुढची, मधल्या वाटेलगतची मागा; आपत्कालीन दाराजवळची देत नाहीत.

मेट्रोचं विमानतळ स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, त्यामुळे अशा प्रवाशाला गाडीने थेट निर्गमन दाराशी उतरवा. वेब चेक-इन केलं असलं तरी काउंटरवर जावं लागतं, मदतनीस तिथूनच मिळतो. देशांतर्गत काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं. एकाच वेळी व्हीलचेअर मागणारे बरेच असले की खुर्ची यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही 2 तास आधी पोचतो.

सुरक्षा तपासणीत गुडघ्यातल्या धातूमुळे यंत्र वाजतंच. सीआयएसएफच्या महिला कर्मचारी पडद्याआड हाताने तपासतात. सांध्यांचं ऑपरेशन झालंय हे आधीच सांगा, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. काठीही एक्स-रेमधून जाते आणि पलीकडे परत मिळते. तोवर आईला धरून उभं राहायला कोणीतरी हवं. औषधं हातातल्या पिशवीतच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने विमानं तासन् तास रखडतात, तेव्हा चेक-इन केलेल्या बॅगेतल्या गोळ्या कामाच्या नसतात.

व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी उतरतात. पुढचं विमान धरायचं असेल तर मुंबईत मध्ये किमान 3 तास ठेवा, आणि दोन्ही तिकिटांवरचं टर्मिनल बघा. टी-1 आणि टी-2 वेगवेगळ्या इमारती आहेत, रस्त्याने जावं लागतं.