पेनाइन ब्राइडलवे: मेरी टाउनली लूपची नोंद

सायकलवर सामान लादून लूप झाला. इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरांतून जाणाऱ्या पेनाइन ब्राइडलवे या घोडेवाटेच्या मधोमध असलेला हा 47 मैलांचा, म्हणजे साधारण 75 किलोमीटरचा फेरा. अख्खी वाट डर्बीशरमधल्या मिडलटन टॉपपासून उत्तरेला कंब्रियातल्या रेव्हनस्टनडेलपर्यंत 205 मैल जाते; मी ती टप्प्याटप्प्याने करतोय. मेरी टाउनली या बाई 1986 मध्ये नॉर्थम्बरलंडहून डर्बीशरपर्यंत घोड्यावरून आल्या, घोडेवाटांची काय दशा झालीय ते दाखवायला. त्यातूनच पुढे ही वाट आखली गेली आणि 2002 मध्ये सुरू झालेल्या लूपला त्यांचं नाव मिळालं. 1968 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये घोडेवाटांवर सायकलला परवानगी आहे, म्हणून आपली सोय. शेजारून जाणारी पेनाइन वे मात्र बहुतेक ठिकाणी फक्त पायी चालणाऱ्यांची. ती कितीही सपाट आणि मोहक दिसली तरी तिकडे चाक वळवायचं नाही.

ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करणारे म्हणतील, 75 किलोमीटर म्हणजे नाश्त्याआधीची राइड. सामान लादून येऊन बघा. चढ सगळा मिळून दोन हजार मीटरच्या आसपास, आणि तो एकसलग नाही. वाट प्रत्येक खोऱ्यात तळापर्यंत उतरते, ओढा ओलांडते आणि पुन्हा मूरवर, म्हणजे वरच्या उघड्या, ओसाड माळावर, चढते. त्यात गेटं. घोड्यावर बसून उघडता यावीत म्हणून त्यांच्या कड्या उंच ठेवलेल्या, आणि सोडलं की गेट आपोआप मिटतं. घोडेस्वाराची सोय झाली, पण लादलेली सायकल एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने ते धरून ठेवणं म्हणजे व्यायामच. ताशी सात-आठ किलोमीटर धरून आखणी करा.

लिटलबरो स्टेशनला उतरून दुपारी सुरुवात केली. मॅंकिनहोल्सच्या वरच्या रुंद वाटेवर स्टूडली पाइकचा 37 मीटरचा काळा मनोरा डोक्यावर उभा असतो. नेपोलियनच्या युद्धांचं हे स्मारक. पहिलं 1854 मध्ये कोसळलं, हे 1856 चं. मुक्काम ब्लॅकशॉ हेडजवळ एका शेतावरच्या कॅम्पसाइटवर. इथल्या मूरवर मालकाला न विचारता तंबू ठोकता येत नाही (स्कॉटलंडची गोष्ट वेगळी), त्यामुळे मुक्कामाची जागा आधी ठरवूनच निघावं.

दुसऱ्या दिवशी विडप आणि गॉर्पल. खरा मूर इथे भेटतो. झाड नाही, भिंत नाही. पिवळं गवत, पाण्याने फुगलेलं काळं पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि मधूनच वाळूच्या खडकाचे ढीग. कोकणातल्या सड्यावर पावसाळी वारा खाल्लेल्यांना अंदाज येईल, फक्त इथे तो मे महिन्यातही बोटं बधिर करतो. वाटेच्या बाहेर एक पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मार्च ते जुलै पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणूनही वाट सोडू नये. टिटवीची इथली शेंडीवाली बहीण आपल्या टिटवीइतकाच आरडाओरडा करते.

हर्स्टवूडनंतर वाट दक्षिणेला वळते आणि नैर्ऋत्येचा वारा थेट छातीवर येतो. हँडलबारवरची जाडजूड बॅग शिडासारखी वारा धरते, हे मी आधीच्या टप्प्यात अनुभवलं होतं. या वेळी तंबूचे खांब आणि स्टोव्ह सायकलच्या सांगाड्यात बसणाऱ्या फ्रेम बॅगेत हलवले, पुढे फक्त स्लीपिंग बॅग. फरक खूप मोठा. गिअरला पुढे 30 दात्यांची चेनरिंग (पेडलजवळची चकती) आणि मागे 51 दात्यांची चकती पुरली, पण दोन चढांवर ढकललीच.

वॉटरफूटहून चढून रूली मूरवर आलो की दगडी चिऱ्यांचा रस्ता लागतो. यासाठी अख्खा लूप करावा. 1861 ते 65 च्या अमेरिकी यादवीत कापूस यायचा थांबला, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या आणि उपाशी गिरणी कामगारांकडून हा रस्ता बांधून घेतला गेला. कॉटन फॅमिन रोड म्हणतात त्याला. त्याच वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचं वेड शिगेला पोचलं आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. आपला आखूड धाग्याचा कापूस सारखा तुटतो म्हणून इथले कामगार त्याला शिव्या घालत. साडेचारशे मीटरच्या आसपास, ओल्या चिऱ्यांवर दात आवळून पेडल मारताना हे आठवत होतं. बाजूला स्काउट मूरच्या 26 पवनचक्क्या फिरत असतात. त्यांच्या वेगावरून पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं. दुपारी वारा वाढतो, तेव्हा शक्य असेल तर रूली मूर सकाळी येईल असा मुक्काम बसवा.

टायर 2.2 इंची ट्यूबलेस. चिऱ्यांवर हवा थोडी कमी केली, पकड बरी मिळाली. पाणी फिल्टर करूनच प्या, वर सगळीकडे मेंढ्या आहेत.

पुढचा टप्पा गिसबर्न, सेटल आणि कॅम हाय रोडचा. सेटल आणि गार्सडेल दोन्ही स्टेशनं कार्लाइलच्या रेल्वेवर आहेत, म्हणजे हवा बिघडली तर मधूनच परतता येईल. कॅम हाय रोडवर ऑक्टोबरात कोणी गेलं असेल तर जमिनीची अवस्था कळवा. चिखल फार असेल तर मी 2.4 चे टायर चढवतो.