हवालदारकाका

शाळेच्या फाटकासमोर हवालदारकाकांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. सैन्याच्या ई.एम.ई. म्हणजे यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या दलातून निवृत्त होऊन ते आले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी पान्हे, छर्रे आणि सोल्यूशनच्या नळ्या यांच्या सहवासात घालवले. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी त्यांचेच काळे पडलेले हात डोळ्यांसमोर आले.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते सायकल उलटी ठेवून चाक फिरवत आणि रिमला लागेल न लागेल असा खडू धरत. रिम जेथे बाहेर आलेली असे तेथे पांढरी रेघ उमटे. मग त्या जागच्या एका बाजूच्या तारा पाव फेरा कसायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच सैल करायच्या. मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२ का, हे मला त्यांनीच समजावले: स्वाराचा आणि कॅरियरचा बहुतेक भार मागेच पडतो. शेवटी ते एकेक तार बोटाने छेडून कान देऊन ऐकत, कारण सैल तारेचा आवाज खाली उतरतो.

आठवीत असताना मी प्रथमच स्वतः एक चाक सरळ केले आणि म्हणालो, "काका, चालेल आता." त्यांनी चाक फिरवले आणि शांतपणे विचारले, "चालेल, पण कुठपर्यंत?" खडूची पुसट रेघ अजून उमटत होती. ती नाहीशी होईपर्यंत मला त्यांनी उठू दिले नाही, आणि स्वतःही जेवायला गेले नाहीत.

युद्धाची गोष्ट सांगा, असा आमचा हट्ट असे. १९७१ साली ते राजस्थानच्या आघाडीवर होते, म्हणून आम्हाला रणगाडे आणि तोफा ऐकायच्या असत. ते मात्र दरवेळी एका शक्तिमान ट्रकविषयीच सांगत. त्याचा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, वाळूत तुटला होता, आणि उजेड बाहेर दिसू नये म्हणून ताडपत्रीखाली दिवा झाकून त्यांनी तो रातोरात बदलला होता. पहाटे तो ट्रक दारूगोळा घेऊन पुढे गेला. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित कापे. त्या युद्धातल्या पश्चिम आघाडीवरील सेवेबद्दल त्यांना मिळालेले पश्चिमी स्टार हे पदक मी एकदाच, त्यांच्या घरी, पाहिले.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीचे डबे घेऊन आम्ही बाहेर पडत असू. हात साबणाने स्वच्छ धुऊन, कोरडे करून मगच ते डब्यात पैसे टाकीत आणि छोटा ध्वज छातीवर लावून घेत. लाल पट्टा लष्कराचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा, हे प्रत्येक नव्या मुलाला ते न कंटाळता सांगत. दहावीनंतर गाव सुटले आणि भेटी विरळ झाल्या, याची मला आजही खंत वाटते.

त्यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाने तारा कसण्याची त्यांची गोल किल्ली आठवणीने माझ्या हाती दिली. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ती मी शाळेला देत आहे. तिच्या खाचांपैकी एक इतकी झिजली आहे की आता तारेच्या टोकाची निपल, म्हणजे फिरवून तार कसायची छोटी चावी, तीत घट्ट बसत नाही. काका नेहमी तीच खाच वापरत.