जेसनची बाजू घ्यावीशी वाटते, थोडीशीच

अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' या कादंबरीचा विषय निघाला की लोक पहिल्या भागातच अडकतात, कळत नाही, काळ उड्या मारतो, कोण कुठे मेला पत्ता लागत नाही वगैरे. खरं आहे. बेंजी, कॉम्पसन घराण्यातला धाकटा मुलगा, 33 वर्षांचा, त्याला बोलता येत नाही आणि त्याच्या डोक्यात 1898 आणि 1928 शेजारी-शेजारी बसलेत, तर वाचणाऱ्याची दमछाक होणारच. पण वेंगुर्ल्याच्या बाजूला बसून वाचलं ना, की मला हे पुस्तक आधी जमिनीचं आणि पैशाचं वाटतं, काळ-बिळ नंतर.

पहिलंच दृश्य बघा, बेंजी कुंपणाला धरून उभा आहे आणि पलीकडे माणसं गोल्फ खेळतायत. ते कुरण त्याच्या वाटणीचं, त्याला सगळ्यात आवडणारं. बापाने विकलं, बहीण कॅडीचं लग्न आणि थोरल्या भावाचं, क्वेंटिनचं, हार्वर्ड यासाठी. आणि झालं काय? कॅडीचं लग्न मोडलं, कारण पोटातलं मूल नवऱ्याचं नव्हतं, आणि क्वेंटिनने हार्वर्डचं पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच 2 जून 1910 ला नदीत जीव दिला. कुरण गेलं ते गेलंच. आमच्याकडे किनाऱ्यालगतचे किती सातबारे असेच फिरले, एकाचं शिक्षण नाहीतर एकीचं लग्न, आणि आता तिथे चिऱ्याचं कंपाउंड, आत रिसॉर्ट, आणि ज्याची कलमं होती तो गेटवर वॉचमन.

तर जेसन, या तिघांचा भाऊ. तिसरा भाग त्याचा, 6 एप्रिल 1928, आणि माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात जिवंत आवाज. क्वेंटिनला हार्वर्ड मिळालं, कॅडीला लग्न मिळालं, जेसनला कॅडीच्या नवऱ्याने बँकेतली नोकरी देतो म्हणून सांगितलं होतं, ती लग्नाबरोबर बुडाली. बाप पिऊन मेला. मग हा राहिला आई, मतिमंद भाऊ, बहिणीची पोर आणि घरातले नोकर सांभाळत एका दुकानात काम करत, आणि दिवसभर धुसफुसत की मला हार्वर्डला जायला वेळ नव्हता आणि बापासारखं पिऊन मरायलाही नव्हता. हा माणूस मला माहीत आहे. गावात घर राखणारा भाऊ! मुंबईवाले गणपतीला येणार, चार दिवस ओटीवर बसणार, आणि विचारणार, यंदा आंब्याचे किती आले रे? दर पावसाआधी कौलं कोण परततो, म्हातारीला डॉक्टरकडे कोण नेतो, हे कोणी विचारत नाही, म्हणून मग त्याच्या तोंडून कायम तेच निघतं, मी होतो म्हणून घर उभं आहे.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूने. पण फॉकनर चलाख आहे, तो जेसनलाच बोलू देतो आणि बोलता बोलता जेसन स्वतःच उघडा पडतो. कॅडी लेकीसाठी दर महिन्याला चेक पाठवते. आई म्हणते असल्या बाईचा पैसा घरात नको, आणि बाणेदारपणे चेक जाळते. जाळते तो खोटा असतो, जेसनने बनवलेला! खरा त्याने कधीच वटवलेला असतो. बापाच्या मयताला आलेल्या कॅडीकडून बाळ दाखवायचे 100 डॉलर घेतो आणि काय करतो, तर घोडागाडीच्या खिडकीतून बाळ वर धरतो आणि गाडी तशीच पळवतो. दाखवलं ना, मग? नोकराच्या पोराला, लस्टरला, खेळाचं तिकीट हवं असतं, जेसनकडे दोन पडून आहेत, स्वतः जाणार नाही, पण पाच सेंट दे म्हणतो, पोराकडे नाहीत, मग एकेक करून दोन्ही चुलीत. ही क्रूरता पैशाची नाहीच, मला मिळालं नाही तर तुलाही नाही, एवढीच. आमच्याकडे पन्नास-पन्नास वर्षं चाललेल्या वाटणीच्या केसेसमध्ये हेच असतं, घर पडतं पण सही होत नाही.

आईबद्दल दोनच वाक्यं, जास्त लायकी नाही. अंथरुणात कापूर हुंगत पडायचं आणि जेसनला सांगायचं, तू एकटाच माझ्या माहेरावर गेलास, बाकीची सगळी बापाची. एका वाक्यात चार पोरं नासवली बाईने.

कॅडीला मात्र स्वतःचा भागच नाही. तिघे भाऊ आपापली कॅडी सांगतात. फॉकनर म्हणायचा की कादंबरी एका चित्रातून सुचली, आजी वारलीय, मुलांना सांगितलेलं नाही, आणि चिखलाने माखलेल्या चड्डीची मुलगी झाडावर चढून खिडकीतून आत बघतेय, भाऊ खालून तिच्याकडे बघतायत. पूर्ण पुस्तक त्याच अँगलने, खालून. काहींना हे फार भारी वाटतं, मला राग येतो, दोन्ही एकदम असू शकतं.

डिल्सीचं, घरातल्या काळ्या मोलकरणीचं, तसंच. घर खरं ती चालवते, ईस्टरच्या दिवशी बेंजीला आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते, लोक नावं ठेवतात तरी. पण शेवटचा भाग तिचा म्हणतात त्यात ती 'मी' म्हणून बोलत नाही, लेखक बाहेरून सांगतो. आपल्याकडेही मोठ्या घरांत, ती काय आमच्या घरातलीच, असं अभिमानाने सांगतात, कप मात्र वेगळा ठेवलेला असतो. डिल्सीला नुसती सोशिक देवी करून मोकळं होणाऱ्यांनी ती त्या घरात कोणत्या पगारावर आणि कोणत्या पर्यायावर होती तेही बघावं.

एक सांगायचं राहिलं, 1929 च्या मूळ पुस्तकात नसलेली एक पुरवणी फॉकनरने 1945 मध्ये लिहिली, काही आवृत्त्यांत ती सुरुवातीलाच छापलीय. ती आधी वाचू नका. तिच्यात आई मेल्यावर जेसन बेंजीला वेड्यांच्या इस्पितळात टाकतो, घर विकतो आणि अखेर मोकळा होतो, आणि हे आधीच कळलं तर तिसऱ्या भागात त्याची बाजू घ्यायची ती थोडीशी चूक तुमच्याकडून होणारच नाही.