आमची वाटचाल : डाळिंबाच्या गुटीपासून ड्रॅगनच्या जोडीपर्यंत

आमची नर्सरी सोलापूर-मंगळवेढा रोडला. आण्णांनी सुरू केली तेव्हा नुसती भगवा जातीच्या डाळिंबाची गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) करायचो आणि त्यावरच घर चालायचं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ ला आलं, पुढे सोलापूरच्या डाळिंबाला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं, पण तेल्या आणि मर रोगाने बागा काढायची वेळ आली तशी आमचीच गिऱ्हाईकं विचारायला लागली, कमी पाण्यात येणारं दुसरं काय हाय का. तिथून ड्रॅगन फ्रूट आलं.

ड्रॅगनची काडी, म्हणजे फांदीचा तुकडा, रुजवायला लय सोपी, त्यामुळे जो तो नर्सरीवाला झाला. खरा विषय सेटिंगचा, म्हणजे फुलाचं फळ धरायचा आहे आणि तो कोण सांगतच नाही. सांगोल्याकडच्या एका पाहुण्यांनी दुसरीकडून लाल गराची रोपं आणलेली, झाड चढवायचे पोल-रिंग सगळं एक नंबर, फुलं पण भरपूर, पण पाच-सहा दिवसांत देठाकडून पिवळी पडून गळायची. बोरॉन झालं, टॉनिक झालं, काय उपयोग नाही. बघायला गेलो तर अख्ख्या प्लॉटमध्ये एकच व्हरायटी, तीही एकाच मातृवृक्षाची, म्हणजे सगळ्या काड्या एकाच मूळ झाडाच्या.

आता हे नीट समजून घ्या. काडीपासून केलेलं रोप म्हणजे तेच झाड, मग हजार रोपं लावली तरी परागाच्या हिशेबाने झाड एकच. लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, स्त्रीकेसरावर पडला तरी फळ धरत नाही, आणि शेजारच्या पोलवरचा पराग म्हणजे परत स्वतःचाच. पांढऱ्या गराची सहसा स्वतःच्या परागावर धरते. हे इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या लोकांनी १९९४ ला छापून ठेवलंय. आपल्याकडे डाळिंब काय, द्राक्ष काय, एकच जात लावून पीक घ्यायची सवय, कारण त्यांना दुसऱ्या जातीची गरज पडत नाही. तीच सवय ड्रॅगनला लावली की घोळ होतो. शेतकरी विचारतात, यात नर झाड कुठलं? पपईसारखं नर-मादी नाही ओ, एकाच फुलात दोन्ही असतं, फक्त जोडीला दुसरी जात लागते.

फूल संध्याकाळी उमलायला लागतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं, तेवढाच टाइम. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हा निवडुंग, तिकडे रात्री वटवाघळं आणि पतंग काम करतात, आपल्याकडे पहाटे मधमाश्या येतात पण त्यांच्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही, पाऊस झाला तर पराग भिजून वाया. म्हणून आम्ही हेडलॅम्प लावून जातो. पांढऱ्याचं फूल वाटीवर धरून टिचकी मारली की पिवळी भुकटी पडते, ती मऊ ब्रशने लालच्या फुलात मधोमध चांदणीसारखं पसरलेलं टोक असतं त्याच्या सगळ्या फाट्यांना लावायची, नुसतं टेकवायचं नाही. पराग जितका भरपूर तितकं बी जास्त, आणि बी जास्त तितकं फळ वजनदार. पांढऱ्याचा पराग लावला म्हणून गर पांढरा होत नाही, ही भीती सगळ्यांना असते, पण गर आईच्या झाडाचाच असतो.

सांगोल्याच्या पाहुण्यांना आम्ही मध्ये-मध्ये पांढऱ्याच्या ओळी घालायला लावल्या, त्या मोठ्या होईपर्यंत परागाचा डबा आमच्याकडून न्यायचे. फळं धरली तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आमच्या मंडळींना फोन करून सांगितलं, तो दिवस आम्हाला कुठल्याही मोठ्या ऑर्डरपेक्षा भारी वाटला.

तेव्हापासून आम्ही मातृवृक्षावर नंबर लावतो, काडी कापली की तोच नंबर पिशवीवर. प्रत्येक जातीच्या काही फुलांना रात्री पिशवी बांधून स्वतःच्याच परागावर धरते का ते आधी आमच्याकडे बघतो, मगच विक्री. स्वतःवर न धरणारी जात एकटी कुणाला देत नाही, जोडीची रोपं सोबत घ्यावीच लागतात. काही गिऱ्हाईकं यावरून तुटली, तुटू द्या. जोडी निवडताना दोन्ही एकाच वेळी फुलतात का हे पण बघावं लागतं, नाहीतर पराग सुकवून फ्रीजमध्ये ठेवायची तयारी पाहिजे. जून ते ऑक्टोबर बहर असतो, बघायचं असेल तर संध्याकाळी आठनंतर या, येताना तुमच्याकडच्या जातीचं एक फूल घेऊन या, आमच्या झाडावर लावून बघू.